चार गॉब्लिन की एक ओगर? डीएनडीची फाईट मापात कशी बसवायची

डीएनडी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून डाइसवर खेळायचा गोष्टीचा खेळ, आणि डीएम म्हणजे त्यात गोष्ट आणि शत्रू चालवणारा माणूस. नवीन डीएमची तक्रार नेहमी दोनच प्रकारची असते. एक म्हणजे सीआर (मॉन्स्टर किती अवघड त्याचा पुस्तकातला आकडा) बघून मॉन्स्टर टाकले, कॅल्क्युलेटरने मीडियम दाखवलं आणि तरी अर्धी पार्टी (प्लेअरच्या कॅरेक्टरची टोळी) आडवी झाली. दुसरी बरोबर उलटी, तीन आठवडे ज्या बॉसची हवा केली, ज्याचा आवाज बाथरूममध्ये उभं राहून प्रॅक्टिस केला, तो दुसऱ्या राउंडला (राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक टर्न) गार. माझ्याकडे दोन्ही झालंय, आणि खरं सांगू का, दुसरं जास्त लागलं मनाला.

मी पाचव्या एडिशनबद्दलच बोलतोय, २०१४ चे नियम धरून, कारण आमचं टेबल अजून त्यावरच चालू आहे. २०२४ च्या पुस्तकात काय बदललं ते मधे येईलच. पुस्तकं नसतील तर एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा संच) २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहे, गॉब्लिन ओगर ट्रोल सगळी मंडळी त्यात सापडतात.

आधी पुस्तकातलं गणित, कारण ते टाकाऊ नाहीये, फक्त अर्धवट आहे. प्रत्येक कॅरेक्टरला लेव्हलप्रमाणे चार आकडे असतात: ईझी, मीडियम, हार्ड, डेडली. पहिल्या लेव्हलला २५, ५०, ७५, १००. तिसऱ्याला ७५, १५०, २२५, ४००. पाचव्याला २५०, ५००, ७५०, ११००. तिसऱ्या लेव्हलचे चार जण असतील तर चारने गुणा, म्हणजे मीडियम ६००, हार्ड ९००, डेडली १६००. मग मॉन्स्टरचे एक्सपी (हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण, यांवरच लेव्हल वाढते) जोडायचे आणि मॉन्स्टर किती आहेत त्यावर ती बेरीज वाढवायची, एकटा असेल तर तसंच, दोन असतील तर दीडपट, तीन ते सहा दुप्पट, सात ते दहा अडीचपट, अकरा ते चौदा तिप्पट आणि पंधरा झाले की चौपट. पार्टीत तिघांपेक्षा कमी लोक असतील तर एक पायरी वरचा गुणक, सहा किंवा जास्त असतील तर एक पायरी खालचा. आणि हा फुगवलेला आकडा फक्त अवघडपणा मोजायला असतो हां, प्लेअरना वाटायचे एक्सपी मूळ बेरजेचेच, इथे बरेच जण गंडतात आणि मग पार्टी दोन सेशनमध्ये पाचव्या लेव्हलला.

आता हेच एका फाईटवर लावू, पुढे सगळीकडे हीच धरणार आहे. एक ओगर (४५० एक्सपी) आणि चार गॉब्लिन (प्रत्येकी ५०). बेरीज ६५०, मॉन्स्टर पाच म्हणून दुप्पट, १३००. जुन्या पुस्तकाप्रमाणे हार्ड. २०२४ च्या पुस्तकाने हा गुणकच काढून टाकला आणि लो, मॉडरेट, हाय अशा तीनच पायऱ्या ठेवल्या, तिसऱ्या लेव्हलला माणशी १५०, २२५, ४००. म्हणजे चौघांचा लो ६०० आणि मॉडरेट ९००, आणि आपली फाईट ६५० ची. तोच ओगर, तेच गॉब्लिन, तीच चार माणसं, एक पुस्तक म्हणतं अवघड, दुसरं म्हणतं किरकोळच्या जरा वर.

म्हणून मी हल्ली पुस्तकाचा आकडा एकदा बघतो, डेडलीच्या फार पुढे तर नाही ना एवढंच, आणि मग वहीत दोन गणितं करतो. पहिलं: मॉन्स्टरचे सगळे एचपी (अंगात किती जीव आहे त्याचे गुण) भागिले पार्टीचं एका राउंडचं डॅमेज. हे झाले राउंड. दुसरं: मॉन्स्टरचं एका राउंडचं डॅमेज गुणिले तेवढे राउंड, आणि ते पार्टीच्या एकूण एचपीशी ताडून बघायचं. झालं. पाचवीतल्या पोराला जमेल एवढंच आहे, फक्त कंटाळा करायचा नाही.

करून दाखवतो. पार्टी आपली नेहमीची, फायटर (योद्धा), रोग (लपूनछपून मारणारा), क्लेरिक (देवाच्या मंत्रांचा), विझर्ड (जादूगार). ओगरचा एसी (हल्ला लागायला गाठायचा आकडा) ११, तिसऱ्या लेव्हलला हल्ल्याचा बोनस साधारण +५, म्हणजे डी२० वर (वीस बाजूंचा डाइस) ६ आला की लागलं, शंभरात ७५ वेळा. फायटरची मोठी तलवार सरासरी १०, त्याचे पाऊण म्हणजे साडेसात. रोगचा बाण आणि वर स्नीक अटॅक मिळून साडेतेरा, त्यातले हाती लागतात दहा. क्लेरिक आणि विझर्ड नुसते कॅन्ट्रिप (कितीही वेळा चालणारे छोटे मंत्र) मारत बसले तर दोघांचे मिळून सात. एकूण २५ च्या आसपास. ओगरचे एचपी ५९, म्हणजे तिसऱ्या राउंडमध्ये ओगर खलास, आणि ते पण स्पेल स्लॉट (मोठ्या मंत्रांचा दिवसाचा मोजका साठा) न वापरता. विझर्डने स्कॉर्चिंग रे आणि क्लेरिकने गायडिंग बोल्ट काढला तर हाच आकडा ४० च्या वर जातो आणि ओगर दुसऱ्याच राउंडला खाली.

आणि तेवढ्या वेळात ओगर काय करतो? त्याच्या सोट्याचा फटका १३ चा आहे, ऐकायला भारी, पण टर्नमध्ये एकच. एसी १६ वाल्यावर +६ ने मारला की ५५ टक्के लागतो, सरासरी सात. तीन राउंडचे २१. आपल्या पार्टीचे एकूण एचपी नव्वदच्या घरात. म्हणजे एकटा ओगर म्हणजे पार्टीला लागलेलं खरचटणं.

आता गंमत बघा. चार गॉब्लिन, प्रत्येकाचा वार साडेपाचचा, +४ ने एसी १६ वर ४५ टक्के लागतो, माणशी अडीच, चौघांचे दहा. दहा! ४५० एक्सपीचा ओगर राउंडला सात देतो आणि २०० एक्सपीचे चार गॉब्लिन दहा देतात. फक्त त्यांचे एचपी चौघांचे मिळून २८, त्यामुळे ते लवकर गळतात. एकत्र केले की एचपी ८७, भागिले २५, साडेतीन, म्हणजे चार राउंड धरा. डॅमेज पहिल्या राउंडला १७, मग गॉब्लिन मरतील तसं १२, ८, ७ असं उतरत जाणार, एकूण ४४. नव्वदातले ४४ गेले म्हणजे पार्टी अर्धी झाली. माझ्या मते हीच ती फाईट, तीन ते चार राउंड आणि अर्धे एचपी, प्लेअर खुर्चीवर पुढे सरकून बसतात पण कोणाला नवीन कॅरेक्टर शीट काढावी लागत नाही. पाऊण एचपी जाणार असं गणित आलं तर समजायचं की दोघं तरी पडणार, आणि त्याच्या वर गेलं तर मी मॉन्स्टर काढतो.

या आकड्यांत क्रिट (डी२० वर २० आला की डॅमेजचे डाइस दुप्पट) नाहीत, प्लेअरची हुशारी नाही, आणि आमच्यासारख्या टेबलवर अर्धा वेळ दार उघडायचं की नाही यावर जाणारी चर्चा पण नाही. अंदाज आहे, ब्रह्मवाक्य नाही.

एकटा बॉस का मार खातो हे कबड्डी बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. रेडर कितीही तगडा असो, समोर सात जण आहेत आणि एकाने घोटा धरला की बाकीचे सहा येऊन पडतात. बॉसचंही तेच, त्याला राउंडमध्ये एक टर्न, पार्टीला चार, आणि त्या चारातल्या एकाने त्याची टर्न खाल्ली की संपलं. माझा तो आवाज प्रॅक्टिस केलेला बॉस म्हणजे एक ओगर सरदार होता, एचपी मी वाढवून ऐंशी केले होते, आणि आमच्या क्लेरिकने पहिल्याच राउंडला कमांड टाकला, पहिल्या लेव्हलचा स्पेल, एका शब्दाचा हुकूम. ओगरची विजडम ७, सेव्हला (मंत्र टाळायच्या रोलला) -२, डीसी (त्यासाठी गाठायचा आकडा) १३. पंधरा लागतात, मला आले चार. सरदार साष्टांग नमस्कार घालून पडला, टर्न संपली, आणि पडलेल्याला जवळून मारायला ॲडव्हान्टेज (डी२० दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा) असतो हे तिघांनाही चांगलंच माहीत होतं. डायलॉग माझे वहीतच राहिले.

मोठ्या मॉन्स्टरना यावर औषध पुस्तकातच आहे, ॲडल्ट ड्रॅगनला दिवसातून तीन लेजंडरी रेझिस्टन्स (चुकलेली सेव्ह बरोबर धरायची) आणि राउंडला तीन लेजंडरी ॲक्शन (दुसऱ्यांच्या टर्ननंतर जादा कृती) असतात ते याचसाठी. खालच्या लेव्हलला तसं काही मिळत नाही. मग मी दोन गोष्टी करतो. एक तर बॉसला एकटं सोडतच नाही, त्याच्याबरोबर प्लेअरच्या संख्येपेक्षा एखादा कमी इतके किरकोळ लोक देतो. किंवा बॉसला इनिशिएटिव्हमध्ये (टर्नच्या क्रमात) दोनदा बसवतो, एकदा त्याच्या रोलवर आणि एकदा त्याच्या दहा खाली, म्हणजे एक टर्न गेली तरी दुसरी शिल्लक. हा नियम पुस्तकातला नाही, घरगुती आहे. दोनदा बसवलात तर डॅमेजचं गणित पण दुप्पट धरा, नाहीतर तुम्हीच गाफील राहाल.

पहिल्या लेव्हलबद्दल वेगळं बोलायला हवं कारण तिथे वरचं सरासरीचं गणित चालतच नाही. विझर्डचे एचपी सात. गॉब्लिनचा एक बरा वार आठचा. २०१४ च्या स्टार्टर सेटची अगदी पहिली फाईट आठवा, रस्त्यात मेलेले घोडे आणि झाडीत चार गॉब्लिन. २०० एक्सपी, दुप्पट ४००, आणि पहिल्या लेव्हलच्या चौघांचा डेडलीचा आकडा किती? बरोबर ४००. म्हणजे नवख्या लोकांच्या पहिल्या डब्यातली पहिली हाणामारी पुस्तकाच्याच हिशोबाने डेडली आहे, आणि वर गॉब्लिन लपून बसलेले, त्यांना बोनस ॲक्शनने (टर्नमधली छोटी जादा कृती) परत लपताही येतं. जगभरात किती पार्ट्या तिथेच झोपल्या असतील देव जाणे, आमची पण झोपली. तर पहिल्या लेव्हलला तीन गॉब्लिन ठेवा, चौथा नंतर येऊ दे. बगबेअर एकदम टाकू नका, त्याचा सरासरी फटका ११ चा आणि अवचित गाठलं तर वर आणखी २डी६ (सहा बाजूंचे दोन डाइस). ओगर तर नकोच, त्याचा क्रिट सरासरी २२ चा बसतो आणि सात एचपीवाल्याला एका फटक्यात १४ लागले तर डेथ सेव्ह (शून्यावर जीव वाचवायचे रोल) वगैरे काही नाही, माणूस जागेवर मेला, कारण शून्यावर जाऊन उरलेलं डॅमेज त्याच्या पूर्ण एचपीएवढं झालं की थेट मृत्यू असा नियम आहे. आणि शत्रूला कैदी पकडायची सवय लावा. गॉब्लिनांनी चौघांना बांधून गुहेत नेलं की गोष्ट पुढे जाते, मारून टाकलं तर सेशन झीरो (नवीन कॅरेक्टर ठरवायची बैठक) परत.

दुसरं टोक पाचवी लेव्हल. फायटरला दुसरा हल्ला मिळतो आणि विझर्डला फायरबॉल, ८डी६, सरासरी २८, वीस फूट रेडियस, म्हणजे बॅटलमॅपवर मध्यापासून चारी दिशांना चार चार चौकोन. सेव्ह केली तरी १४ लागतात आणि गॉब्लिनला ७ एचपी. तुम्ही दहा गॉब्लिन काढून, त्यांची नावं ठेवून, इनिशिएटिव्ह लिहून बसलात आणि विझर्डने एका टर्नमध्ये दहाही भाजले, तर चूक विझर्डची नाही. त्याला एकदा दोनदा ते मनसोक्त करू द्या, त्यासाठीच तो पाच लेव्हल मागे उभा राहून जगलाय. चौथ्या एडिशनमध्ये, २००८ च्या, मिनियन म्हणून प्रकारच होता, एकच एचपी, हात लागला की मेला, आणि मला ती आयडिया आजही आवडते, पाचवी लेव्हल झाली की गॉब्लिन मी तसेच चालवतो. पण खरी फाईट हवी असेल तर लोक पसरवा, दोघं वर माचीवर, दोघं मागच्या दाराने तिसऱ्या राउंडला, एक जण बंधक धरून उभा, म्हणजे फायरबॉल टाकायच्या आधी विचार करावा लागेल.

हे तिसऱ्या राउंडला येणं फार कामाचं आहे. जुन्या पुस्तकात स्पष्ट आहे की मॉन्स्टर तुकड्यांनी येत असतील तर प्रत्येक तुकडी वेगळी मोजायची, सगळ्यांची बेरीज करून गुणक लावायचा नाही. आणि डीएमच्या हातात लगाम राहतो, पहिल्या दोन राउंडमध्ये पार्टी गुडघ्यावर आली तर दुसरी तुकडी आलीच नाही, कोणाला कळणारही नाही. आमच्याकडे तर याची जास्तच गरज पडते, कारण शनिवारी रात्री साडेनऊला मेसेज येतो की सॉरी रे, मावशीच्या घरी हळद आहे, आणि पाच जणांसाठी बांधलेली फाईट तिघांवर पडते. म्हणून मी बनवतानाच लिहून ठेवतो की एक माणूस कमी झाला तर कोण गळणार. सहसा तिरंदाज गळतात.

आता विश्रांतीचं. हा मुद्दा लोक सोडून देतात आणि मग सगळं गणित चुकतं. २०१४ च्या पुस्तकाने गृहीत धरलंय की एका दिवसात, म्हणजे गेममधल्या दिवसात, सहा ते आठ मीडियम किंवा हार्ड फाईट होतील आणि मधे दोनेक शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती). कोणाच्या टेबलवर होतात हो सहा फाईट? आमचं सेशन तीन तासांचं, त्यात अर्धा तास गेल्या वेळी काय झालं यावर. प्रत्यक्षात एक मोठी फाईट आणि लाँग रेस्ट (रात्रभराची, स्लॉट परत भरतात), म्हणजे विझर्ड आणि क्लेरिक सगळे स्लॉट एकाच ठिकाणी ओततात, आणि वर आपण बघितलंच की स्लॉट ओतले की पार्टीचं डॅमेज २५ चं ४० होतं. म्हणून दिवसाला एकच फाईट असेल तर भागाकार ४० ने करा, २५ ने नाही, आणि डेडलीचा आकडा बघून घाबरू नका, ताजी पार्टी डेडली सहज पचवते. तीन फाईट असतील तर पहिल्या दोन मीडियमच्या आसपास ठेवा. आणि गुहेच्या मधोमध लाँग रेस्ट घेऊ लागले तर नाही म्हणायचं नाही, फक्त वेळ चालू ठेवायची, तोवर गॉब्लिन कैद्यांना घेऊन दुसरीकडे जातात. एकदा असं झालं की परत कोणी अंथरूण काढत नाही.

जागा हा सगळ्यात स्वस्त मसाला आहे. तेच चार गॉब्लिन मोकळ्या मैदानात दोन राउंडचे, आणि तेच खिंडीच्या वर झाडाआड धनुष्य घेऊन बसवले, अर्धा आडोसा म्हणजे एसीला +२, पाऊण आडोसा म्हणजे +५, तर १५ चा एसी २० होतो आणि तुमच्या पार्टीचे दहातले सात हल्ले हवेत जातात. स्टॅट ब्लॉकमध्ये (मॉन्स्टरच्या आकड्यांच्या तक्त्यात) काहीही न बदलता फाईट एक पायरी वर गेली. पुस्तकही तेच सांगतं, एका बाजूला जागेचा फायदा असेल तर एक पायरी वर किंवा खाली धरा. पण आडोसा दिला तर वर चढायला वाट पण द्या, नाहीतर फायटरवाला प्लेअर तासभर नुसता 'मी पुढे जातो' म्हणत बसतो, आणि तो वैतागलेला असेल तर चिप्स संपतात लवकर.

काही मॉन्स्टरचा सीआर सरळ खोटं बोलतो, ते पाठच करून ठेवा. शॅडो, सीआर अर्धा, १०० एक्सपी. चार शॅडो म्हणजे दुप्पट धरून ८००, तिसऱ्या लेव्हलला हार्डच्याही खाली. पण तो एचपीबरोबर स्ट्रेंग्थ पण खातो, दर फटक्याला १डी४, आणि स्ट्रेंग्थ शून्य झाली की माणूस मेला, एचपी कितीही असोत. विझर्डची स्ट्रेंग्थ ८. तीन चार फटके. हे वरच्या दोन्ही गणितांत कुठेच दिसत नाही. बॅन्शी, सीआर ४, एका किंकाळीत जो सेव्ह चुकेल तो थेट शून्यावर. इंटलेक्ट डिव्हाउरर, सीआर २, मेंदूच खातो, आणि बहुतेक फायटरची इंटेलिजन्स बघता त्याला फार जेवण मिळत नाही पण जीव जातो. घूल, सीआर १, स्पर्शाने लुळं करतो. नियम सोपा ठेवा, जो मॉन्स्टर एचपी सोडून दुसरं काहीतरी काढून घेतो त्याचं आधी सूचन द्या. गावात कोणीतरी सांगावं, भिंतीवर दिसावं, वाटेत एखादं प्रेत सापडावं. ट्रोलचं पण तसंच, ८४ एचपी आणि दर टर्नला १० परत येतात, आग किंवा ॲसिड लागल्याशिवाय थांबत नाहीत, पार्टीत आगवाला कोणी नसेल तर कोपऱ्यात तेलाचा दिवा लटकवा.

टेबलवर बसल्यावर काय हलवायचं? डाइस पडद्याआड खोटे सांगायचे नाहीत असं माझं मत, अनेक चांगले डीएम सांगतात, मला जमत नाही, प्लेअरना वास येतो. त्यापेक्षा एचपी. ओगरचे ५९ ही सरासरी आहे, खरा हिशोब ७डी१०+२१, म्हणजे २८ पासून ९१ पर्यंत कुठलाही आकडा नियमातच बसतो. तर मी वहीत ५९ न लिहिता ४५ ते ७५ असं लिहितो आणि कुठे पाडायचा ते फाईटच्या रंगावर. दुसरं, पळून जाणं. जुन्या बेसिक डीएनडीत मॉन्स्टरला मोराल स्कोअर असायचा, २डी६ टाकून त्याच्या वर गेलं की पळ. मी ते अजून वापरतो, सरदार पडला किंवा निम्मे मेले की टाकायचं. चार राउंडनंतर उरलेल्या दोन गॉब्लिनांना मिनिटभर बडवत बसण्यात कोणालाच मजा नसते, ते पळतात, आणि पळालेला गॉब्लिन पुढच्या शनिवारी कामाला येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे कोणाला मारायचं. चारही गॉब्लिनांनी विझर्डवर तुटून पडणं नियमात बसतं, पण त्याचा एसी १२, तिथे गॉब्लिनचा वार ६५ टक्के लागतो, आणि १७ एचपीचा विझर्ड दीड राउंडही टिकत नाही. गॉब्लिन भित्रे आणि लोभी असतात, ज्याच्या हातात चमकतं काहीतरी आहे त्याच्याकडे जातील. लांडगे पडलेल्याला ओढतील. पगारी सैनिक मात्र खरंच विझर्डला आधी मारतील आणि क्लेरिकला नंतर, आणि त्या दिवशी प्लेअरना कळतं की आज समोर शिकलेली माणसं आहेत.

फाईट संपली की मी वहीत तीनच गोष्टी लिहितो: किती राउंड झाले, कोण शून्यावर गेलं, किती स्लॉट उरले. पाचसहा फाईटनंतर तुमच्या पार्टीचा तो २५ चा आकडा खरा किती आहे ते कळतं. आमचा निघाला ३३, कारण रोगवाल्याचे डाइस कधी चुकतच नाहीत, आणि ते डाइस तो कोणाला हातही लावू देत नाही.